एच सहा एक एक

स्क्रँटनच्या नोंदणीघरात, तळमजल्यावर,
व्हेरोना युर्कानिन जेवणाचा डबा उघडते,
झाकण हातात तसंच धरून
समोरच्या म्हाताऱ्याला विचारते: आडनाव?

ह्राबोव्स्की. मी एमिल. काका शोधतोय, मिखाल.
खाणीत होता, सत्तावीस सालापर्यंत.
पुढचं बाबा बोलायचे नाहीत.

ती आधी जुनी रीत वापरते,
हाताला सवय आहे म्हणून.
पहिलं अक्षर राखायचं. मधले स्वर गाळायचे,
म्हणजे आपल्या भाषेत काने, मात्रे, वेलांट्या
झाडून काढायच्या आणि उरलेली हाडं मोजायची.
ओठांवरची अक्षरं सगळी एका खोलीत, त्यांना एक.
आपल्याकडे प फ ब भ पाटीवर पहिल्यापासून
मांडीला मांडी लावून बसलेले;
तिथे हे कुणाला तरी नव्यानं सुचावं लागलं.
दातांजवळच्यांना तीन.
र ला सहा, एकट्याला,
तो कुणाच्यात मिसळत नाही म्हणून असेल.

एच सहा एक एक.
खण कुरकुरतो. बावीस कार्डं.
ओन्द्रेय आहे, एमिलचा बाप.
ओन्द्रेयची बायको आहे, तिचं वय दोनदा खोडलेलं.
मिखाल नाही.

तो होता, एमिल म्हणतो,
दाराबाहेर चपला दिसत असताना
घरात कुणी नाही म्हणून सांगितलेल्या माणसासारखा.

मग संगणक.
हा आवाज ऐकत नाही, पावलं मोजतो:
एक अक्षर काढा, एक घाला, एक बदला,
या नावावरून त्या नावावर जायला किती चालावं लागेल?
दोन पावलांची मुभा दिली तर चौसष्ट जण येतात.
एक पाववाली, एक पाद्री,
एक जण कुत्र्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेला.
आणि मायकेल ग्राबोव्स्की.
आडनावात एक पाऊल, नावात एक.

जी सहा एक एक.
शेजारचाच खण. मध्ये बोटभर जाडीची फळी.

पगाराच्या खिडकीत तेव्हा एक पोलिश कारकून बसायचा.
ह्राब म्हणजे एक झाड,
लाकूड इतकं चिवट की खाटकाचा ओंडका त्याचाच करतात.
कारकुनाच्या आईच्या तोंडी त्याच झाडाचं नाव ग्राब.
त्यानं चूक केली नाही,
झाड ओळखलं, आणि आपल्या अंगणात लावलं.

कार्डावर शाई तपकिरी झालेली.
दिव्याचं तेल वजा. सुरुंगाची दारू वजा.
शेवटच्या आठवड्याचं देणं, अकरा डॉलर चाळीस.
शेरा: नेले नाहीत.

एमिल चष्मा काढतो.
बाबा गेले होते खिडकीवर, तो म्हणतो, दोनदा.
त्यांना सांगितलं, या नावाचा माणूस इथे कधी नव्हता.

व्हेरोना म्हणते, पुन्हा एकदा उच्चारा.
तो उच्चारतो.
ह तिथल्या लोकांसारखा नुसत्या श्वासाचा नाही,
घशात घुमणारा, किंचित ओला,
अगदी आपण हळद म्हणताना निघतो तसा.
ती कळांवर बोटं ठेवून थांबते.
तिच्याकडे एच आहे, जी आहे.

पडद्यावर चौकट विचारते: एकच व्यक्ती?
होय. नाही. शक्य.
होयला दुसरा पुरावा लागतो,
आणि बापाचं दोनदा रिकाम्या हातानं परतणं
कुठल्याच रकान्यात बसत नाही.
ती शक्य दाबते.

अकरा चाळीस आता कुणाकडे असतील? एमिल विचारतो,
गंमतीनं की खरंच, तिला कळत नाही.

तो गेल्यावर तिला आठवतं, डबा गार झालाय.
ती एक कोरं कार्ड घेते, त्यावर पेन्सिलीनं लिहिते
‘शेजारी बघा’,
आणि दोन खणांमधल्या फटीत उभं खोचते,
वरून थोडंसं दिसेल इतकंच.